नव्या माशाला आधी वेगळी टाकी

बाजारातून नवी गाय किंवा बैल आणला, तर जाणता शेतकरी त्याला त्याच संध्याकाळी आपल्या गोठ्यात बांधत नाही. काही दिवस परसात किंवा पडवीत वेगळा बांधतो. त्याची वैरण वेगळी, पाण्याची बादली वेगळी. तोंडाला लाळ नाही ना, खुरात जखम नाही ना, शेण पातळ नाही ना, हे रोज पाहतो. लाळ-खुरकुताने एकदा गोठा बसला की हा धडा माणूस जन्मभर विसरत नाही. कोंबड्यांच्या बाबतीतही आपल्या घरच्या बाया हेच करतात.

परंतु तोच शेतकरी शहरातून शोभेचे मासे आणतो, तेव्हा पिशवीची गाठ सोडतो आणि पाण्यासकट सगळे मासे सरळ टाकीत ओततो. मीही तसेच केले होते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या पडवीत तीन फुटी काचेची टाकी होती आणि मागे परसात सिमेंटच्या दोन टाक्या. त्यांत मॉली आणि गोल्डफिश वाढवून आम्ही शहरातल्या दुकानदाराला देत असू. फार मोठा धंदा नव्हता, पण मुलीच्या कॉलेजचा बसचा पास आणि वह्या-पुस्तके त्यातून निघत. नाताळ जवळ आला होता, टाकी जरा भरलेली दिसावी म्हणून मी शहरातून सहा नवे मासे आणले. रंगाने सुरेख, अंगाने तरतरीत. शनिवारी संध्याकाळी ते मोठ्या टाकीत सोडले. पाचव्या दिवशी त्यांतल्या एकाच्या शेपटीवर मिठाच्या कणासारखे दोन-तीन पांढरे ठिपके दिसले. आठव्या दिवशी टाकीतल्या प्रत्येक माशावर ठिपके होते.

घाबरून मी निळे औषध आणले आणि मोठ्या टाकीतच ओतले, तेही अंदाजाने. दोन दिवसांत पाणी बिघडले आणि मासे वर येऊन तोंड वासू लागले. मेलेले मासे ज्या जाळीने काढत होतो, तीच जाळी परसातल्या टाकीतही बुडवत होतो. नाताळच्या दिवशी सकाळी परसातल्या मॉलींवरही ठिपके दिसले. बेचाळीस माशांपैकी नऊ वाचले. रोगाने मेले तितकेच माझ्या घाईनेही मेले, हे मला पुढे अभ्यास केल्यावर समजले. आमच्यासारखे थोडे मासे पाळणारी घरे आता बरीच झाली आहेत, म्हणून जे शिकलो ते येथे सविस्तर देत आहे.

ठिपक्यांचा रोग कसा पसरतो

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका सूक्ष्म परोपजीवी प्राण्यामुळे होतो. शास्त्रात त्याला इक्थिऑफ्थिरियस म्हणतात, मासे पाळणारे थोडक्यात 'इक' म्हणतात. त्याचे आयुष्य समजून घेतले की वेगळ्या टाकीचे महत्त्व आपोआप पटते.

हा जीव माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत शिरून तेथे वाढतो. आपल्याला जो ठिपका दिसतो तो हाच. पूर्ण वाढला की तो मासा सोडून तळाशी पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत जातो. एकाचे काही शेकडो, कधी हजारापर्यंत जीव होतात. कवच फुटले की हे सगळे पोहत मासा शोधू लागतात. दोन दिवसांच्या आत मासा सापडला नाही तर ते मरतात, सापडला तर चक्र पुन्हा सुरू होते. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर हे सारे आठवड्याच्या आत पार पडते. पाणी १० अंशांपर्यंत गार असेल तर याच गोष्टीला महिन्याहून अधिक लागतो.

यातून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, दुकानात निरोगी दिसणाऱ्या माशाच्या कल्ल्यांत एक-दोन जीव असतील तर ते डोळ्यांना दिसत नाहीत, दिसायला दिवस जावे लागतात. दुसरी, औषध लागू पडते ते फक्त पोहत्या अवस्थेतील जीवांना. कातडीखालच्या आणि कवचातल्या जीवांना ते पोहोचत नाही. म्हणून एकदा औषध टाकून ठिपके गेले तरी रोग गेला असे समजू नये. तिसरी, मोठ्या टाकीत वाळू, दगड, वनस्पती असतात, तेथे कवचे लपून राहतात. मोकळ्या टाकीत तळ पुसून काढता येतो, पाणी उपसता येते आणि औषध मोजून देता येते.

चाळीस दिवसांचा शब्द

वेगळे ठेवण्याची ही युक्ती जुनी आहे. एड्रियाटिक समुद्रकाठच्या रागुसा शहराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ साली प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळे राहण्याचा नियम केला. पुढे ही मुदत ४० दिवसांची झाली. व्हेनिसच्या भाषेत चाळीसला जो शब्द आहे, त्यावरून 'क्वारंटाइन' हा शब्द आला. उपवासकाळाचे चाळीस दिवस आपल्याला परिचित आहेतच. वाट पाहणे हेच त्या नियमाचे मर्म होते. रोग अंगात असेल तर तो तेवढ्या दिवसांत बाहेर पडतो, नसेल तर माणूस निर्धास्तपणे गावात येतो. माशांना चार आठवडे, आणि थंडीत पाणी गार असेल तर सहा आठवडे, असा हिशेब ठेवावा.

टाकी कशी असावी

एकच वेगळी टाकी दोन कामे करते. नवे मासे आले की ती त्यांची थांबण्याची जागा, आणि घरचा एखादा मासा आजारी पडला की तीच त्याचा दवाखाना. मात्र दोन्ही कामे एकाच वेळी तिच्याकडून घेऊ नयेत. नवे मासे तीत असतील तर आजारी मासा दुसऱ्या टबात ठेवावा.

लहान माशांसाठी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी काचेची टाकी पुरते. ती २५ सेंटिमीटरपर्यंत भरली तर पाणी किती? लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची यांचा गुणाकार करून हजाराने भागावे. म्हणजे ६० गुणिले ३० गुणिले २५, भागिले १०००, बरोबर ४५ लिटर. हा आकडा टाकीच्या काचेवर रंगाने लिहून ठेवावा. आजाराच्या घाईत औषधाचा हिशेब चुकतो, तो या एका आकड्याने वाचतो.

काचेची टाकी परवडत नसेल तर खाद्यपदार्थ ठेवण्याच्या प्रतीचा प्लास्टिकचा टब चालतो. दोन भांडी मात्र कधीही वापरू नयेत. फवारणीच्या औषधाचा ड्रम कितीही धुतला तरी माशांना घातक आहे, कारण पिकावरची कित्येक कीटकनाशके माशांना अगदी सूक्ष्म प्रमाणातही मारतात. तसेच नुकतीच बांधलेली सिमेंटची टाकी नको. तिच्यातून चुना सुटत राहतो. पाणी भरून, काही दिवसांनी उपसून, पुन्हा भरून, असे दोन-तीन आठवडे केल्यावरच ती माशांच्या लायक होते.

टाकीत वाळू, खडी, शोभेची वस्तू काही घालू नये. तळ मोकळा असला की विष्ठा, उरलेले खाद्य आणि पडलेली कवचे दिसतात व नळीने ओढून काढता येतात. परंतु अगदी उघड्या जागी मासा बावरतो आणि बावरलेला मासा लवकर आजारी पडतो. म्हणून लपायला पीव्हीसी पाइपचा एक तुकडा किंवा उलटे ठेवलेले मातीचे छोटे भांडे द्यावे. टाकीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून जाड कागद लावावा. वर बारीक जाळीचे झाकण हवे. नवा मासा पहिल्या रात्री उडी मारतो, आणि झाकण असले की डासही अंडी घालत नाहीत.

बाकीचे सामान थोडेच आहे. एक हवेचा पंप, एक स्पंजचा फिल्टर, एक थर्मामीटर. गप्पी, मॉली यांसारख्या उबदार पाण्यातील माशांसाठी थंडीत ५० वॅटचा हीटर लागतो, गोल्डफिशला लागत नाही. यांशिवाय एक जाळी, एक बादली, एक मग आणि पाणी ओढण्याची नळी. या चार वस्तूंना लाल दोरा बांधावा आणि लाल दोऱ्याची वस्तू दुसऱ्या टाकीला लावायची नाही, असे घरातील लहान मुलांनाही सांगून ठेवावे. माझ्या परसात रोग गेला तो जाळीवरून. ओली जाळी, ओला हात, पाण्याचे शिंतोडे, एवढ्यावर रोग पसरतो. म्हणून रोजचे काम आधी निरोगी टाकीत करावे आणि वेगळी टाकी शेवटी हाताळावी.

जागा निवडताना थेट ऊन टाळावे. चुलीचा धूर, फवारणीच्या औषधांची खोली आणि डास मारण्याच्या वड्या यांपासून टाकी दूर ठेवावी. हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो, तिच्याबरोबर ही विषेही जातात.

पाण्यातले न दिसणारे विष

वेगळ्या टाकीत मासे मरतात त्याचे फार मोठे कारण रोग नसून अमोनिया असते. शेतकऱ्याला हे समजणे सोपे आहे. शेतात युरिया टाकला की त्याचा अमोनिया होतो, मग मातीतले जीवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि ते पीक घेते. टाकीतही हेच घडते. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळ कमी विषारी असे नायट्रेट करतात. पण कोऱ्या स्पंजमध्ये हे जीवाणू नसतात. ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आजारी मासा तोवर थांबत नाही.

यावर उपाय सोपा आहे. मोठ्या टाकीत एक जादा स्पंज कायम चालू ठेवावा. नवे मासे आणायचे ठरले की तो काढून वेगळ्या टाकीत लावावा. मोठी टाकी निरोगी असतानाच हे करावे. उलट दिशेने मात्र कधी करू नये, म्हणजे आजाराच्या टाकीतला स्पंज परत मोठ्या टाकीत लावू नये.

तयार स्पंज नसेल तर हाताने काम करावे लागते. रोज तिसरा हिस्सा पाणी काढून तेवढेच ताजे घालावे आणि खाद्य अगदी थोडे द्यावे. नवे पाणी टाकीतल्या पाण्याइतकेच उबदार असावे. अमोनिया तपासण्याची बाटली मासे विकणाऱ्या दुकानांत मिळते. घरात चाळीस-पन्नास मासे असतील तर ती घेणे फायद्याचे पडते.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ले जाळतो आणि स्पंजमधील जीवाणूही मारतो. असे पाणी बादलीत काढून, हवा सोडून, चोवीस तास ठेवावे. घाई असेल तर फोटोग्राफर वापरत असत तो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वापरावा. साधारण नळाच्या ४५ लिटर पाण्याला एक ग्रॅमपेक्षा कमीच लागतो. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो पण प्राणवायूही कमी असतो, म्हणून तेही रात्रभर हवा सोडून मग वापरावे. जांभ्या दगडाच्या भागातील विहिरींचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आंबट असते, मॉलीला ते मानवत नाही. अशा ठिकाणी मासे हळूहळू सवय करून घ्यावेत.

मासे घरी आले त्या दिवशी

टाकी आदल्या दिवशी भरून चालू करून ठेवावी. पिशवी न सोडता पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, म्हणजे आतले आणि बाहेरचे तापमान सारखे होते. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी अर्धा पेला टाकीतले पाणी तिच्यात घालावे. अर्ध्या तासाने मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये, ते झाडाच्या आळ्यात टाकावे. दिवा बंद ठेवावा आणि त्या दिवशी खाद्य देऊ नये.

पहिला आठवडा केवळ पाहण्याचा. सकाळी खाद्य देताना पाच मिनिटे टाकीसमोर बसावे. मासा खायला पुढे येतो का? पर अंगाशी मिटून बसतो का? दगडाला किंवा पाइपला अंग घासतो का? कल्ले भराभर हलतात का? विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी आहे का? एका वहीत तारीख घालून दोन ओळी लिहाव्यात. दुधाचा हिशेब लिहितो तसाच हा हिशेब.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात बहुतेक लपलेले रोग बाहेर पडतात. तेव्हा मासे चांगले दिसतात म्हणून कंटाळून त्यांना मोठ्या टाकीत सोडण्याचा मोह होतो, तो आवरावा. या काळात रोग निघाला, तर तो गेल्याच्या दिवसापासून चार आठवडे पुन्हा मोजावेत. मध्येच आणखी नवे मासे त्याच टाकीत घातले, तरी मोजणी पहिल्या दिवसापासून.

मासे निरोगी दिसत असताना सावधगिरी म्हणून औषधे ओतू नयेत. दमलेल्या माशाला ती आणखी दमवतात.

रोग दिसलाच तर

पहिले औषध म्हणजे स्वच्छ पाणी. मासा मलूल दिसला की आधी तिसरा हिस्सा पाणी बदलावे, हवा वाढवावी, आणि मग रोगाचा विचार करावा. पुष्कळ मासे एवढ्यानेच सुधारतात.

ठिपक्यांच्या रोगाला साधे खडे मीठ हे हाताशी असलेले चांगले औषध आहे. लिटरला ३ ग्रॅमपर्यंत मीठ गोल्डफिश, मॉली, गप्पी सोसतात. ४५ लिटरला १३५ ग्रॅम झाले. ते एकदम न टाकता मगभर पाण्यात विरघळवून तीन भागांत, दोन दिवसांत घालावे. रोज तळ नळीने साफ करावा. जेवढे पाणी काढाल तेवढ्याच पाण्याचे मीठ पुन्हा घालावे. दहा लिटर काढले तर ३० ग्रॅम, जास्त नाही. शेवटचा ठिपका गेल्यावरही किमान दहा दिवस हे चालू ठेवावे. उबदार पाण्यातील माशांना हीटरने हळूहळू २८ ते ३० अंशांपर्यंत नेले तर रोगाचे चक्र लवकर संपते, पण गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो म्हणून हवा जोराने सोडावी. खवले नसलेल्या माशांना, म्हणजे मिशीवाल्या कॅटफिशसारख्यांना, मीठ फार सोसत नाही. त्यांना निम्म्यापेक्षा कमी द्यावे.

कापसासारखी बुरशी दिसली तर मिथिलीन ब्लू उपयोगी पडते. एक टक्का द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. लिटरला एक मिलिग्रॅम या हिशेबाने ४५ लिटरला साडेचार मिलिलिटर. मोजायला सुई काढलेली सिरिंज वापरावी. हे औषध स्पंजमधले उपकारक जीवाणू मारते. मोठ्या टाकीत ते ओतून मी जी चूक केली ती हीच. वेगळ्या टाकीत ते देताना स्पंज बाहेर काढावा, नुसती हवा सोडावी आणि पाणी रोज बदलावे. बदललेल्या पाण्यापुरतेच औषध पुन्हा घालावे.

शेपटी किंवा पर कुजू लागले तर बहुधा पाणी खराब असते. पाणी सुधारले की नवा पर येतो. पोट फुगून खवले उभे राहिले तर आतला अवयव निकामी झालेला असतो आणि बहुधा मासा वाचत नाही. अशा माशाला तडफडत ठेवू नये. औषधी लवंगेचे तेल लिटरला अर्धा मिलिलिटर, कोमट पाण्यात जोराने हलवून, मग लहान भांड्यातल्या टाकीच्या पाण्यात मिसळावे आणि मासा त्यात ठेवावा. तो शांतपणे झोपी जातो. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसाच ठेवावा.

ठिपके मोठ्या टाकीतच दिसले तर एकटा मासा उचलून भागत नाही, कारण रोगाची कवचे तळाशी पडलेली असतात. अशा वेळी सगळे मासे वेगळ्या टाकीत किंवा टबात आणून उपचार करावेत आणि मोठी टाकी माशांविना चालू ठेवावी. उबदार दिवसांत दोन-तीन आठवडे मासा मिळाला नाही की ते जीव तेथे संपतात.

घरात उरलेल्या माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या पाण्यात टाकू नयेत. पांढऱ्या ठिपक्यांवर त्यांचा काही उपयोग नाही, आणि अंदाजाने दिल्यास औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. तांब्याचे औषध कोळंबी व गोगलगायींना मारते आणि माशालाही थोडे जास्त झाले की घातक ठरते. मॅलाकाइट ग्रीन खाण्याच्या माशांना कदापि देऊ नये, त्याला मनाई आहे. तसेच दोन औषधे एकत्र करू नयेत.

शेततळे असलेल्यांसाठी

हा नियम केवळ शोभेच्या माशांचा नाही. १९८८ साली माशांच्या अंगावर लाल व्रण पडण्याचा एक रोग ईशान्य भारतात आला आणि पुढील काही वर्षांत देशातील पुष्कळ राज्यांत पसरला. मरळ आणि लहान गावठी मासे त्यात फार मेले. पाण्यातली एक बुरशीसारखी जीवजात त्याचे मूळ आहे. आजारी मासे इकडून तिकडे नेल्याने आणि पुराच्या पाण्याने असे रोग पसरतात. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने त्यावर 'सिफॅक्स' हे औषध काढले. पण आलेला रोग हाकलण्यापेक्षा तो बाहेर ठेवणे स्वस्त पडते. आपल्या देशात परदेशी व्हेनामी कोळंबीला २००९ साली परवानगी मिळाली, तेव्हा तिच्या जननसाठ्यासाठी चेन्नईत खास विलगीकरण केंद्र उभारले गेले, ते याच कारणाने. शेततळ्यासाठी बीज आणताना ते कोठल्या तळ्याचे आहे, तेथे मर झाली होती का, हे विचारावे. शक्य असेल तर आधी लहान टाकीत किंवा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून पाहावे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आजारी टाकीचे पाणी आणि मेलेले मासे ओढ्यात, विहिरीत किंवा तळ्यात टाकू नयेत. पाणी झाडांच्या आळ्यात, मिठाचे असेल तर पडीक जागी टाकावे, आणि मासे खोल पुरावेत. नकोसे झालेले जिवंत मासेही सोडू नयेत. काचा साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच कोणी सोडला, आणि आज तो उजनी जलाशयातील मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊन त्यांना त्रास देतो.

आपल्या आरोग्यासाठी

माशांना क्षयासारखा एक रोग होतो. त्याचा जंतू, मायकोबॅक्टेरियम मरिनम, १९२६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत ओळखला गेला. हा जंतू हाताच्या जखमेतून माणसाच्या कातडीत शिरतो आणि काही आठवड्यांनी तेथे न भरणारी गाठ होते. हा माणसाचा फुप्फुसांचा क्षय नव्हे, आणि तो उपचाराने बरा होतो. पण डॉक्टरांना मासे पाळतो हे सांगितले नाही तर निदान लांबते. म्हणून हाताला चीर असेल तर पाण्यात हात घालू नये किंवा लांब रबरी हातमोजे घालावेत. पाणी ओढण्यासाठी नळी तोंडात धरू नये, नळी पाण्याने भरून मग खाली सोडावी. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

हीटर आणि पंपाची वायर बटणाच्या खाली लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळणारे थेंब प्लगपर्यंत न जाता तळाशी पडतात. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. काम संपलेली टाकी पाण्याने भरून उघडी ठेवू नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

रोग होऊन गेल्यावर टाकी, जाळी, नळी दहा लिटर पाण्यात सात ग्रॅम ब्लीचिंग पावडर या द्रावणात तासभर ठेवाव्यात. मग भरपूर पाण्याने धुऊन कडक उन्हात दोन दिवस वाळवाव्यात. स्पंज सरळ फेकून द्यावा.

वाचकांच्या नेहमीच्या शंका

*दुसरी टाकी परवडत नाही, तर?* झाकणाचा प्लास्टिकचा टब आणि साधा पंप एवढ्यावर भागते. तेही शक्य नसेल तर नवे मासे आणू नयेत. घरचीच पिल्ले वाढवावीत.

*वनस्पती आणल्या तर?* त्यांच्याबरोबर कवचे आणि गोगलगायी येतात. त्याही दोन-तीन आठवडे माशांविना वेगळ्या पाण्यात ठेवाव्यात.

*वेगळ्या टाकीतच मासा मेला, मग फायदा काय?* त्याच्याबरोबर बाकीचे मेले नाहीत, हाच फायदा.

आमच्याकडे आता नवे मासे आले की मुलगीच वही उघडते आणि तारीख घालते. गेल्या पावसाळ्यानंतर आणलेल्या आठ मॉलींवर बाराव्या दिवशी ठिपके आले. मीठ दिले, तळ साफ केला, दोन मेल्या, सहा वाचल्या. परसातल्या टाकीला त्याचा पत्ताही लागला नाही. नाताळात दुकानदार मासे न्यायला आला, तेव्हा त्याला द्यायला आमच्याकडे मासे होते.